रस्ता रुंदीकरणाच्या आराखड्यासाठी घेतलेली सल्लागार सेवा : सोलापूरच्या एका कार्यालयाचा अनुभव

आमच्या तालुक्याच्या गावात एस.टी. स्थानकापासून जुन्या वेशीपर्यंत जाणारा बाजाररस्ता मंजूर विकास योजनेत (गावाच्या भावी वाढीच्या अधिकृत आराखड्यात) १५ मीटरचा दाखवलेला आहे. प्रत्यक्षात तो कुठे ११, तर कुठे जेमतेम ९ मीटर भरतो. गेल्या दिवाळीनंतर दुकानांच्या ओट्यांवर लाल रंगाच्या खुणा पडल्या आणि कोणाचे किती जाणार याबद्दल रोज नवी बातमी ऐकू येऊ लागली. शेवटी आम्ही ३८ दुकानदारांनी वर्गणी काढून सोलापुरातील एका नगररचना व मोजणी सल्लागार कार्यालयाला काम दिले. प्रकरण अद्याप निर्णयाच्या टप्प्यावर असल्यामुळे गावाचे आणि कार्यालयाचे नाव येथे मुद्दाम लिहिलेले नाही. अशी सेवा घ्यावी की नाही, या विचारात असलेल्या इतर गावांतील लोकांना उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हा अनुभव सविस्तर मांडत आहे.

या कार्यालयाचे सर्वांत मोलाचे काम मोजणीचे. लाल खुणा करताना आजच्या डांबराचा मध्य धरून दोन्ही बाजूंना साडेसात मीटर मोजले होते, पण डांबराचा मध्य म्हणजे योजनेतील रस्त्याचा मध्य नव्हे, ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. त्यांच्या अभियंत्याने नकाशा माझ्या गल्ल्यावर पसरून पट्टी ठेवली आणि दाखवले की १:२५०० प्रमाणाच्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. अर्ध्या मिलिमीटर जाडीची नुसती रेघ सव्वा मीटर जागा व्यापते, आणि सव्वा मीटरमध्ये पिठाच्या गिरणीची अख्खी पायरी आणि उंबरा जातो. त्यामुळे त्यांनी नगर भूमापनाचे नकाशे आणि प्रत्येकाची मिळकत पत्रिका (जागेची मालकी व क्षेत्रफळ दाखवणारा सरकारी उतारा) मिळवली, यंत्राने दोन दिवस मोजणी केली आणि मग योजनेची रेषा त्यावर बसवली. यात काही दुकानांवरील खूण मागे सरकली, तर उत्तरेकडील सात-आठ ओटे मुळातच रस्त्याच्या जागेत असल्याचे निघाले. त्यात माझ्या वडिलांनी बांधलेला ओटाही होता. पैसे आम्ही दिलेले असतानाही त्यांनी हे अहवालात स्पष्ट लिहिले, आणि माझ्या मते त्यामुळेच नगरपरिषदेच्या बैठकीत त्या अहवालाला वजन आले.

दुसरे काम आठवडी बाजाराच्या दिवशीचे. त्यांच्या कार्यालयातील दोन तरुण सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत वेशीजवळ बसून दुचाकी, ट्रॅक्टर, हातगाड्या आणि पायी चालणारी माणसे वेगवेगळी मोजत होते. महावितरणचा एकेक खांब, हातपंप, लिंबाची दोन झाडे आणि गटाराची झाकणे नकाशावर आली. उंच काठ्यांच्या नंदीध्वजांची मिरवणूक दरवर्षी पाहणाऱ्या सोलापूरकराला सुचावे, तसे त्यांनी आमच्या यात्रेची काठी कोणत्या वळणावर वायरींना अडते हेही विचारून घेतले. त्यातून निघालेला आडवा छेद असा आहे : मध्ये ७ मीटर वाहनांचा रस्ता, म्हणजे साडेतीन मीटरच्या दोन मार्गिका, दोन्ही कडांना १.८ मीटरचा मोकळा पदपथ, त्याखाली गटार. आणि उरलेल्या ४.४ मीटरची दोन्हीकडे विभागणी करून वाहने लावण्याची व हातगाड्यांची पट्टी. पदपथ आधी आखून उरलेल्या जागेत बाकी बसवण्याची ही रीत मला पूर्णपणे पटली, कारण सगळे १५ मीटर डांबरी केले असते, तर कडेला गाड्या लागून वाहतुकीला पुन्हा ९ मीटरच उरले असते आणि शाळेची मुले मधून चालली असती.

कायद्याची बाजूही त्यांनी नीट समजावली. रुंदीकरणात गेलेल्या जागेचे काहीच मिळत नाही, असा अनेकांचा समज होता. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ प्रमाणे जागा तडजोडीने मोबदला देऊन, चटई क्षेत्र (जादा बांधकामाची मुभा) वा हस्तांतरणीय विकास हक्क (तीच मुभा दुसऱ्याला विकता येण्याचा हक्क) यांच्या रूपाने, अथवा २०१३ च्या भूसंपादन कायद्याने घेता येते. या शेवटच्या मार्गात बाजारमूल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे तेवढीच जादा भरपाई, असते. अर्थात, लहान गावात विकास हक्क विकत घेणारा मिळणे अवघड, हेही त्यांनी लपवले नाही. एका वळणावर रेषा थोडी सरकवावी अशी आमची मागणी होती; त्यासाठी कलम ३७ खालील फेरबदल, जाहीर सूचना आणि शासनाची मंजुरी लागते, महिन्या-दोन महिन्यांत ते होणार नाही, असे सांगून त्यांनी आम्हांला त्या आशेवर ठेवले नाही. हातगाडीवाल्यांचे सर्वेक्षण झाल्याशिवाय त्यांना उठवता येत नाही, ही २०१४ च्या पथविक्रेता कायद्यातील तरतूद त्यांनी आपणहून अहवालात घातली. हे लोक वर्गणीत नव्हते, म्हणून या गोष्टीचे मला विशेष वाटते.

आता उणिवा. अहवाल ठरल्यापेक्षा पाच आठवडे उशिरा आला आणि तोवर एक बैठक आमच्या हातून निसटली. नकाशे इतके बारीक छापलेले होते की गल्लीतील वयस्कर मंडळींना स्वतःचा सिटी सर्व्हे क्रमांक शोधता येईना. शेवटी मी प्रत्येकाच्या दुकानापुरता तुकडा मोठा करून वाटला. या दोन गोष्टी मी सोडून देईन. तिसरी मात्र गंभीर आहे. त्यांनी रुंदी काळजीपूर्वक मोजली, उंची मोजली नाही. आमच्या रस्त्यावर दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता नवे डांबर पडत गेले आणि समोरच्या भांड्यांच्या दुकानाच्या तीन पायऱ्यांपैकी दोन त्याखाली गाडल्या गेल्या; गेल्या पावसाळ्यात तिथे पोत्यांनी पाणी अडवावे लागले. नव्या गटाराचा उतार कोणत्या बाजूला, रस्त्याची पातळी दुकानांच्या जोत्याच्या किती खाली ठेवायची, याबद्दल अहवालात एक ओळही नाही. विचारल्यावर तो भाग कामात धरलेला नव्हता असे उत्तर मिळाले, आणि कार्यादेश (काम देतानाचे लेखी पत्र) पाहिला तर ते खरे होते. परंतु रुंदीकरणाचा सल्ला देणाऱ्याने ही गोष्ट सुरुवातीलाच सुचवायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे.

एवढे असूनही पाचपैकी चार गुण मी आनंदाने देतो. ज्या गावात खुणा पडल्या आहेत, पण नगरपरिषद व भूमापन कार्यालय यांनी मिळून करायची संयुक्त मोजणी झालेली नाही, तेथील लोकांनी ही सेवा जरूर घ्यावी. जाताना सर्वांच्या मिळकत पत्रिकांच्या ताज्या प्रती बरोबर न्याव्यात, आणि कार्यादेशात पातळी-मोजणी, गटाराचे उतार व जोत्यांची उंची हे तीन शब्दप्रयोग लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.