घरासाठी कॅटन घ्यावा की टिकिट टू राइड?

ल्युडो, सापशिडी आणि व्यापार खेळून झाले की घरात पुढचा मोठा खेळ कोणता आणायचा, या प्रश्नावर ही दोन नावं हमखास पुढे येतात. दर्जाची काळजी दोन्हींबाबत नको. क्लाउस टॉयबर यांच्या कॅटनला १९९५ मध्ये आणि अ‍ॅलन मून यांच्या टिकिट टू राइडला २००४ मध्ये जर्मनीचा 'श्पील देस यारेस' हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला आहे. खरा प्रश्न आहे तो तुमच्या घरात पटाभोवती कोण कोण बसणार याचा. आमच्याकडे माझी आई, बायको, चौथीतली मुलगी आणि सुट्टीत मुक्कामाला येणारा कॉलेजातला भाचा असे भिडू असतात. माझं मत याच मंडळींबरोबर खेळून बनलेलं आहे, तेव्हा ते तेवढ्यापुरतं धरा.

आधी कॅटनच्या बाजूने बोलतो, कारण त्यात जे आहे ते टिकिट टू राइडमध्ये अजिबात नाही: बोलणं. रस्ते आणि गावं बांधायला लागणाऱ्या मालाची, म्हणजे वीट, लाकूड, मेंढी, गहू, खनिज यांची देवाणघेवाण सुरू झाली की घर जागं होतं. एरवी पत्त्यांतही फार न बोलणारी माझी आई इथे अशी काही घासाघीस करते की बघत राहावं. "एक मेंढी नाही चालायची बाबा, दोन दे, मग वीट घे," असं म्हणून ती भाच्याला अडवून धरते. शिवाय पट षटकोनी तुकड्यांचा, दर वेळी नव्याने मांडायचा, त्यामुळे एक डाव दुसऱ्यासारखा होत नाही. सगळे भिडू चौदा-पंधराच्या पुढचे असतील, तर कॅटन घ्या असंच मी सांगेन.

आमचा निर्णय मात्र एका गोष्टीने केला, आणि ती म्हणजे रिकामी जाणारी पाळी.

कॅटनमध्ये दान पडेल तो आकडा असलेल्या तुकड्याच्या शेजारी तुमचं गाव असेल तरच माल मिळतो. सात सोडला तर सहा आणि आठ हे सगळ्यात जास्त वेळा पडणारे आकडे. तरी दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला पाचच येतात. म्हणजे आठासारख्या चांगल्या आकड्यावर गाव असूनही सलग दहा दानांत आठ एकदाही न पडण्याची शक्यता पाचात एकाहून थोडी जास्तच निघते. मोठ्यांना हे कळतं, ते धीर धरतात. मुलगी काय करते? फासे टाकते, काही मिळत नाही, हातात देण्यासारखं काही नसल्याने देवाणघेवाणही होत नाही, आणि ती फासे पुढे सरकवते. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. सुरुवातीची दोन गावं कुठे मांडायची हे ज्याला नीट उमगलंय, तो पहिल्या पाच मिनिटांतच पुढे निघून जातो. मग उरलेला तासभर मागे पडलेल्याने नुसतं बसून राहायचं. त्यातून कसाबसा माल जमला आणि सात पडला, तर सातापेक्षा जास्त पत्ते असणाऱ्याचे अर्धे जातात. सात पडला की दरोडेखोराची सोंगटी कुणाच्या शेतावर बसवून तिथला माल अडवायचा हा आणखी एक पेच. आई तो नातीवर कधीच बसवत नाही, आणि मग भाचा म्हणतो, "आजी, हा अन्याय आहे." त्याचं म्हणणं चूक नाही, पण आजीचाही इलाज नसतो.

टिकिट टू राइड हा नकाशावर रेल्वेमार्ग टाकण्याचा खेळ: मार्गाच्या रंगाचे पत्ते देऊन त्यावर आपले डबे ठेवायचे आणि हातातल्या तिकिटावरची दोन शहरं जोडायची. पाळी आली की तीनपैकी एक काम करायचं: पत्ते उचला, रूळ टाका किंवा नवी तिकिटं घ्या. कुठलंही केलं तरी तुम्ही पाळी सुरू होताना होतात त्याच्या पुढे गेलेले असता. नशीब इथेही आहे, हवा तो रंग लवकर येत नाही. पण पाच पत्ते समोर उघडे असतात, इंजिनाचा पत्ता कुठल्याही रंगाला चालतो, आणि राखाडी मार्गांना कुठलाही एक रंग पुरतो. तिकिटांचे गुण शेवटी मोजतात, त्यामुळे आपण हरलोय हे कुणाला अर्ध्यावर कळत नाही. मुलगी शेवटच्या डब्यापर्यंत मन लावून खेळते, आणि माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे.

उणिवा आहेतच. सगळे आपापल्या पत्त्यांत डोकं घालून बसतात, घर शांत होतं, आईला ते थोडं नीरस वाटतं. आणि वाट अडवली गेली की लागतं. मूळ पेटीतल्या अमेरिकेच्या पटावर नॅशव्हिल ते अटलांटा हा एका डब्याचा एकेरी मार्ग आहे. तो दुसऱ्याने घेतला की मोठा वळसा पडतो, आणि अपुऱ्या तिकिटाचे गुण उलटे वजा होतात. याच खेळाच्या युरोपच्या वेगळ्या पेटीत यावर स्थानकांची सोय आहे, दुसऱ्याच्या रुळाचा एक तुकडा वापरता येतो. मात्र तिथे शहरांची नावं स्थानिक पद्धतीने छापली आहेत. व्हिएन्ना 'वीन' म्हणून आणि म्युनिक 'म्युन्शेन' म्हणून शोधायला लहान मुलांना आणि आजी-आजोबांना वेळ लागतो. शिकागो, डॅलस ही कुणा ना कुणा नातेवाइकामुळे घरात ऐकलेली नावं, म्हणून पहिली पेटी अमेरिकेचीच घ्यावी असं मला वाटतं.

भिडूंचा हिशेबही बघा. कॅटनच्या मूळ पेटीला तीन किंवा चार जण लागतात, पाचव्यासाठी वेगळी जोडपेटी घ्यावी लागते. टिकिट टू राइड दोघांपासून पाचांपर्यंत चालतो. आम्ही सगळे बसलो की पाच होतो, आणि एरवी रात्री जेवणानंतर मुलगी आणि मी असे दोघंच असतो. दोन्ही वेळा तीच पेटी निघते.

मुलं मोठी झाली की कॅटन जरूर आणा. तोवर टिकिट टू राइड आवडलाच, तर २०११ मध्ये निघालेल्या पुरवणी संचात १९११ च्या सुमाराचा भारताचा पट आहे. एकच तिकीट दोन वेगवेगळ्या वाटांनी पूर्ण केलं तर त्यावर जादा गुण मिळतात, आणि आमच्या भाच्याला आता तोच सगळ्यात जास्त आवडतो. त्या संचात डबे आणि रंगीत पत्ते मिळत नाहीत, ते मूळ पेटीतलेच वापरायचे असतात. म्हणून आधी मूळ पेटी घ्या.