रोव्हरचा गेम करायचाय? आधी ठरवा, चंद्र की मंगळ

नागपुरात हौसेखातर गेम करणारा माणूस रोव्हरकडे, म्हणजे चंद्रावर किंवा मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाडीकडे, वळला की पहिला प्रश्न बहुतेक इंजिनाचा, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचा, विचारतो: गोडॉट घेऊ की युनिटी? तो प्रश्न नंतरचा. रोव्हर कुठे उतरवणार हे आधी ठरवावं लागतं, कारण चंद्रावरचा गेम आणि मंगळावरचा गेम हे दोन निराळे गेम आहेत. माती करडी की तांबडी, आकाश काळं की पिवळट, हा वरवरचा फरक झाला. खरा फरक वेळेचा आहे.

रेडिओ संदेश पृथ्वीवरून चंद्रावर जायला साधारण १.३ सेकंद घेतो आणि चित्र परत यायला तेवढेच. म्हणजे ‘डावीकडे वळ’ म्हटल्यावर रोव्हर वळलेला दिसायला अडीच सेकंदांच्या वर जातात. मंगळाचा हिशेब मिनिटांत आहे. दोन्ही ग्रह कक्षेत कुठे आहेत त्यावर एका बाजूचा प्रवास ३ ते २२ मिनिटांचा होतो. त्यामुळे चंद्रावर गाडी हाकता येते, फक्त प्रत्येक गोष्ट उशिरा कळते. मंगळावर गाडी हाकताच येत नाही. तिथे सूचना लिहून पाठवायच्या आणि वाट पाहायची.

चंद्रावर हाकता येते याचा पुरावा ५० वर्षांहून जुना आहे. १७ नोव्हेंबर १९७० ला सोव्हिएत रोव्हर लुनोखोद-१ चंद्रावर उतरला. वजन ७५६ किलो, चाकं आठ, आणि चालवायला पृथ्वीवर बसलेली पाच जणांची तुकडी. समोर सलग व्हिडिओ नव्हता, काही सेकंदांनी एक चित्र यायचं. तरीही तो साडेदहा किलोमीटर फिरला आणि १९७३ मध्ये लुनोखोद-२ ने ३९ किलोमीटर गाठले. वेग ताशी एक-दोन किलोमीटर. आता हे गेममध्ये बसवून बघा. ताशी २ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५५ सेंटिमीटर. समोर खड्डा दिसला, ब्रेक दाबला, पण त्याचा परिणाम दिसेपर्यंत गाडी जवळजवळ दीड मीटर पुढे गेलेली असते. खेळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो इथेच. आणि हे करायला कोडही फारसं लागत नाही: बटणांच्या सूचना एका रांगेत ठेवायच्या, १.३ सेकंदांनी लागू करायच्या आणि कॅमेऱ्याचं चित्र तेवढंच मागे ठेवायचं.

इथे नागपूरकर लगेच म्हणेल, ‘भाऊ, चांद्रयान-३ चा आपला प्रज्ञान असताना रशियाची गाडी कशाला?’ मन माझंही तिकडेच जातं. पण प्रज्ञानचा वेग सेकंदाला १ सेंटिमीटर. सिग्नल फिरून येईतो तो बोटाच्या एका पेराएवढा सरकतो, त्यात कसली धडकी भरणार! शिवाय चालवण्याची त्याची पद्धतही पुष्कळशी मंगळासारखी होती: आधी चित्रं पाहायची, मग मार्ग ठरवून आदेश द्यायचा. २७ ऑगस्ट २०२३ ला ३ मीटर पुढे ४ मीटर व्यासाचा खड्डा दिसला तेव्हा त्याला आल्या वाटेने माघारी फिरवलं गेलं. प्रज्ञानच हवा असेल तर चंद्र घ्या, पण गेम मंगळाच्या पद्धतीने करा. तेही छान होईल. त्याच्या वाट्याला एकच चांद्रदिवस आला, म्हणजे आपले सुमारे १४ दिवस, आणि त्यात तो १०० मीटरच्या थोडा वर चालला. २६ किलोंचा रोव्हर, १४ दिवसांची मुदत आणि नंतर रात्र, एवढ्यात अख्ख्या गेमची चौकट मिळते.

मंगळाकडे चौकट आयती आहे. तिथला दिवस, म्हणजे सोल, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो. एक सोल म्हणजे एक डाव. सकाळी कालचे फोटो येतात, खेळणारा त्यांवर टप्पे मांडतो, वीज किती उरली ते बघतो, ‘पाठवा’ दाबतो. नंतर संध्याकाळी अहवाल येतो: गाडी पोचली, किंवा तिसऱ्या टप्प्यावर चाकं घसरली म्हणून थांबली. मजा गाडी चालवण्यात नाही, अंदाज बांधण्यात आहे. ज्यांना बुद्धिबळ आवडतं त्यांना हे आवडेल. ज्यांना रेसिंग आवडतं ते दोन मिनिटांत बंद करतील, आणि त्यांच्यासाठी हा गेम नाहीच. कथानकाचीही वाण नाही. स्पिरिट रोव्हर २००९ मध्ये पातळ कवचाखालच्या भुसभुशीत मातीत रुतला तो निघालाच नाही, २०१० मध्ये त्याचा संपर्क तुटला. त्याचा जुळा ऑपर्च्युनिटी ९० सोलांसाठी बनवलेला, तो २०१८ च्या धुळीच्या वादळापर्यंत टिकला आणि ४५ किलोमीटर चालला. मऊ वाळू कुठे आहे हे फोटोवरून ओळखायचं आणि लांबचा रस्ता घ्यायचा की जवळचा ते ठरवायचं, यावर पंचवीस-तीस डाव सहज निघतात.

आता करायला सोपं काय? इथे बरेच जण एका मधल्या वाटेवर जातात आणि फसतात. त्यांना नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर हवा असतो, मंगळ हवा असतो आणि हातात जॉयस्टिकही हवी असते. क्युरिऑसिटी आणि त्याच्यानंतरचा पर्सिव्हिअरन्स सपाट जमिनीवर जास्तीत जास्त सेकंदाला सुमारे ४ सेंटिमीटर चालतात. घरापासून नागपूरचं झिरो माईल एक किलोमीटरवर असेल, तर या वेगाने पोचायला सहा-सात तास लागतील. खरा वेग ठेवला तर कंटाळा, वेग वाढवला तर चाकांचा गोंधळ. तो गोंधळ नीट समजून घ्या.

नासाच्या मंगळावरच्या पाचही रोव्हरना, सोजर्नरपासून पर्सिव्हिअरन्सपर्यंत, आणि आपल्या प्रज्ञानलाही सहा चाकं आणि रॉकर-बोगी पद्धतीचे पाय आहेत. त्यांत स्प्रिंग नसते. दोन्ही बाजूंचे दांडे सांध्यांवर वरखाली होतात, त्यामुळे एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची पाच जमिनीला टेकून राहतात. गोडॉटमधला व्हेइकलबॉडी आणि युनिटीमधला व्हीलकोलायडर ही तयार साधनं मात्र मोटारगाडीसाठी केलेली आहेत. त्यांच्या लेखी चाक म्हणजे खाली सोडलेली एक किरणरेषा आणि जोडीला स्प्रिंग. चाक समोरून उभ्या दगडाला भिडलं तर ते त्या रेषेला कळत नाही. खरी रॉकर-बोगी करायची तर वेगवेगळे दांडे, बिजागऱ्या आणि फिरती चाकं जोडावी लागतात, आणि कमी गुरुत्वात हा सांगाडा थरथरायला लागला की रविवारमागून रविवार जातात.

चंद्र आणि मंगळ दोन्हींकडे यातून पळवाट आहे, फक्त वेगळी. लुनोखोदच्या आठही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होतं. त्याची चाकं वळत नसत, एका बाजूची हळू आणि दुसऱ्या बाजूची जोरात फिरवून तो वळायचा. ही रचना तयार साधनांत बसते. मंगळाच्या नियोजनवाल्या गेममध्ये तर फिजिक्स जवळपास लागतच नाही. सहा चाकांखालच्या जमिनीची उंची वाचा, दांड्यांचे कोन त्यावरून काढा, रोव्हर तसा बसवा. उतार आणि माती पाहून ‘ठरवलेल्या दहा मीटरांपैकी सातच गेला’ असं घसरणीचं गणित लावा. इतक्या सावकाश हलणाऱ्या गाडीत खोटेपणा कुणाच्या डोळ्यात येत नाही.

(ज्यांना धूळ उडवत पळवायचंच आहे त्यांनी रोव्हर सोडून अपोलोची जीप घ्यावी. माणूस गाडीवरच बसलेला, त्यामुळे सिग्नलच्या उशिराचा प्रश्नच नाही, आणि १९७२ मध्ये अपोलो १७ च्या वेळी ती ताशी १८ किलोमीटरपर्यंत गेली होती. चंद्राचं गुरुत्व आपल्या सहाव्या हिश्श्याचं, त्यामुळे उड्याही झकास बसतात.)

जमिनीच्या बाबतीत पारडं मंगळाकडे झुकतं, पण पूर्ण नाही. मंगळाभोवती फिरणाऱ्या हायराइज कॅमेऱ्याच्या चित्रांवरून केलेले उंचीचे नकाशे १ मीटरला एक बिंदू इतके बारीक आहेत आणि फुकट मिळतात. गेल विवर, जेझेरो विवर, हवं ते घ्या. तरी त्यात दगड मिळणार नाहीत. क्युरिऑसिटीचं चाक ५० सेंटिमीटर व्यासाचं, त्याला अडवणारा दगडही मीटरभराहून लहान असू शकतो, तो १ मीटरच्या नकाशात कुठून दिसणार? दगड तुम्हालाच पेरावे लागतील. चंद्राची गोष्ट उलटी. तिथे खऱ्या नकाशाशिवायही चालतं, कारण लहानमोठे खड्डे एकावर एक टाकत गेलं की पटण्याजोगी जमीन कोडनेच तयार होते. मंगळाचे थर, वाळूच्या लाटा आणि टेकाडं कोडने करणं चांगलंच अवघड आहे.

नकाशे हाताळायला नागपुरात माहीतगार माणूस शोधणं इतर शहरांपेक्षा सोपं आहे. उपग्रहचित्रांवर काम करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात आहे, आणि अमरावती रोडवर इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आहे. भूगोल किंवा सिव्हिल शिकलेल्या एखाद्या मित्राने क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर वापरलेलंच असतं. सरावासाठी आधी लोणार करून बघा असं मी सांगेन. बेसॉल्टमध्ये उल्केने पाडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, म्हणजे चंद्र-मंगळाच्या जमिनीचा जवळचा नातेवाईकच. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर ३० मीटरला एक बिंदू असा उंचीचा नकाशा फुकट आहे. तो इंजिनात घेताना ८ बिटांत साठवू नका. लोणारची खोली दीडशे मीटर धरली तर ८ बिटांत २५६ पायऱ्या होतात, एकेक जवळपास ६० सेंटिमीटरची, आणि रोव्हर जिने चढत असल्यासारखा दिसतो. १६ बिटांत तीच पायरी दोन-अडीच मिलिमीटरवर येते. दगडाच्या टेक्स्चरसाठी, म्हणजे पृष्ठभागावर चढवायच्या चित्रासाठी, तर लोणारलाही जायला नको. दख्खनचा काळा कातळ नागपूरच्या पश्चिम अंगाला आहेच, सेमिनरी हिल्सवर ढगाळ दिवशी मोबाइलने फोटो काढा, सावल्या न पडता स्वच्छ येतात.

देखावा आणि आवाज यांत चंद्र स्वस्त पडतो. हवा नाही, म्हणून धुकं नाही, आकाशाचा रंग नाही, वाऱ्याचा आवाज नाही. एक सूर्य आणि काळ्याकुट्ट सावल्या. प्रज्ञान उतरला त्या ६९ अंश दक्षिणेला सूर्य कायम खाली असतो, लांब सावल्यांत खड्डे लपतात, आणि तो आयता खेळाचा भाग होतो. मंगळावर धूळ, फिकट आकाश आणि निळसर सूर्यास्त हे सगळं जुळवत बसावं लागतं. मात्र पर्सिव्हिअरन्सच्या मायक्रोफोनने टिपलेले मंगळावरच्या वाऱ्याचे आणि स्वतःच्या चाकांचे आवाज नासाने खुले केले आहेत. रात्री हेडफोन लावून ऐका, मग मंगळ टाळणं जड जाईल.

उन्हाळ्याचाही विचार करा, ही नागपूरची खास अट. चंद्रावरचा हाकण्याचा गेम सतत हलतं चित्र मागतो. मे महिन्यात ४५ अंशांत, कुलर चालू असला तरी, साधा लॅपटॉप तापून वेग कमी करतो आणि चाचणीत कळत नाही की अडखळणं कोडचं आहे की उन्हाचं. मंगळाचा गेम बराचसा स्थिर फोटोंवर चालतो, जुन्या मशीनवरही तो निभतो.

आता इंजिन. मंगळाचा गेम म्हणजे अहवाल, सूचना, याद्या, मजकूर भरपूर. तो मराठीत हवा असेल तर गोडॉट ४ घ्या, त्यात देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या बरोबर जुळतात. युनिटीत मजकूर दाखवायला सगळे वापरतात ते टेक्स्टमेशप्रो हे आपणहून नीट करत नाही. युनिटी ६ मध्ये यूआय टूलकिट या दुसऱ्या साधनाच्या बाजूने सोय आली आहे, पण तिच्यासाठी वेगळी पद्धत शिकावी लागते. चंद्राच्या गेममध्ये मजकूर थोडा, तिथे युनिटीचं अंगभूत टेरेन, म्हणजे जमीन घडवायचं साधन, उपयोगी पडतं. गोडॉटला ते बाहेरून, टेरेन३डी नावाच्या जोडणीतून आणावं लागतं. पैशाचं म्हणाल तर हौशी माणसाला दोन्ही फुकट. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं होतं, ते वर्षभराने मागे घेतलं. गोडॉट एमआयटी या खुल्या, फुकट परवान्याखाली आहे, त्यामुळे तिथे असा धक्का बसण्याची सोयच नाही. माझा कल उघड आहे.

तेव्हा पहिलाच गेम असेल, हातात संध्याकाळचे दोन तास असतील आणि भावा-बहिणींना लगेच खेळायला द्यायचा असेल, तर चंद्र, आठ चाकं, अडीच सेकंदांचा उशीर. थोडंफार कोड येत असेल आणि वर्षभर एकाच गोष्टीला चिकटून राहायची तयारी असेल, तर मंगळ, सोलांचे डाव, मराठी अहवाल. कोणताही केला तरी आधी इच.आयओ या हौशी गेमांच्या संकेतस्थळावर फुकट टाका. गेम विकायच्या स्टीम या दुकानाचे १०० डॉलर अनोळखी लोक दुसऱ्यांदा खेळायला आल्यावर भरा.