प्रॉम्प्टमधलं घड्याळ: पावसाळाभर वापरल्यानंतर

टर्मिनलमध्ये कमांड लिहायच्या जागेआधी जे छापलं जातं तो प्रॉम्प्ट. त्यात आपलं नाव, होस्ट म्हणजे मशीनचं नाव, फोल्डर सगळेच लावतात; त्यावर काय लिहायचं? पाथ लांबलचक होत असेल तर प्रॉम्प्ट-डरट्रिम हे सेटिंग २ करा, शेवटची दोनच फोल्डर दिसतील, विषय संपला. मला बोलायचंय ते घड्याळाबद्दल, कारण त्यावरून ऑफिसात भांडण झालं.

क्लायंटच्या सर्व्हरवरची सर्व्हिस मी जेवून आल्यावर रिस्टार्ट केली. पण कमांडच्या डावीकडे छापलं होतं १३:०५, आणि स्क्रीनशॉट नेमका तोच पुढे गेला. कॉलवर क्लायंटची मंडळी म्हणाली, 'परवानगीच्या आधीच केलंत!' अंधेरीहून सुटणारी माझी नेहमीची लोकल त्या कॉलमध्ये गेली. बॅश, म्हणजे आपल्या कमांड चालवणारा शेल, पीएस१ मधली (प्रॉम्प्टमध्ये काय दिसावं ते ठरवणाऱ्या सेटिंगमधली) वेळ भरतो ती प्रॉम्प्ट उमटताना. तुम्ही एंटर कधी मारता याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शेवटी त्याच सेशनमध्ये हिस्टटाइमफॉरमॅट (हिस्टरीत वेळ दाखवणारं सेटिंग) लावून कमांडची हिस्टरी काढली, त्यात खरी वेळ निघाली, तेव्हा पलीकडची मंडळी गप्प झाली. घड्याळ मी त्याच रात्री काढून टाकलं. तेव्हा लिहिलं असतं तर एक तारा दिला असता.

मग पीएस० सापडलं. बॅश ४.४ मध्ये, म्हणजे २०१६ पासून आहे, आणि आम्हाला कोणी सांगेल तर शपथ! एंटर मारल्यावर, कमांड सुरू व्हायच्या आधी ते छापलं जातं. त्यात वेळ टाकली आणि पीएस१ मधलं घड्याळही परत आणलं. आता वर सुरुवात, खाली शेवट; बॅकअपला किती वेळ लागला ते वजाबाकी करून कळतं. ज्याच्यावर चिडलो होतो तेच कामाला आलं. फुकटात!

ऑफिसातल्या एकाने नटवलेला तयार प्रॉम्प्ट सुचवला होता. त्याला वेगळा फॉन्ट लागतो आणि प्रत्येक एंटरला गिटकडे (कोडमधले बदल नोंदवणारा प्रोग्रॅम) चौकशी होते. माझ्या जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही, आणि चिन्हं बघायला नवीन लॅपटॉप मी घेणार नाही.

मॅकवाल्यांनो, तुमच्याबरोबर येणारं बॅश ३.२ आहे, त्यात पीएस० नाही. झेडशेल हा दुसरा शेल वापरत असाल तर त्यात याच कामासाठी प्रीएक्झेक हे फंक्शन लिहा.

चार तारे. पाचवा कापला तो टाइमझोनसाठी: यूटीसीवरच्या (जागतिक प्रमाणवेळेवरच्या) सर्व्हरवर हेच घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे दिसतं, आणि झोनचं नाव स्वतःहून लिहीत नाही. ते वेळेच्या फॉरमॅटमध्ये आपणच टाकायचं. मी टाकलंय, पुढचा स्क्रीनशॉट जायच्या आत.