विहिरीच्या पाण्याला नॅनो लेपाचं भांडं की यूव्ही मशीन?

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या मामींनी विहिरीच्या पिण्याच्या पाण्यासाठी विचारलं, "यूव्ही मशीन बसवू, की ते उजेडानं जंतू मारणारं नॅनो लेपाचं भांडं घेऊ?" प्रश्न रास्त आहे. पावसात त्यांचं सरपणही ओलं असतं, त्यामुळे रोज पाणी उकळणं अवघड.

अशा लेपात बहुधा टायटॅनियम डायऑक्साईड असतं. त्यावर उजेड पडला की पाणी आणि प्राणवायूपासून अतिशय जहाल रेणू तयार होतात आणि जंतूचं आवरणच फोडतात. जपानी संशोधकांनी १९८५ साली हे जंतूंवर करून दाखवलं. मार चहूबाजूंनी बसतो, त्यामुळे जंतूंना औषधासारखी याची सवय होणं अवघड. म्हणून मला या शोधाबद्दल खरंच फार आशा आहे.

पण त्याला लागतो अतिनील (यूव्ही) उजेड, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरच्या आतल्या तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा. उन्हात तो जेमतेम ४-५ टक्के, घरातल्या एलईडीत जवळजवळ नाहीच. शिवाय त्यातला सगळ्यात जहाल रेणू क्षणभरही टिकत नाही. लेपाला टेकलेला जंतू मरतो, भांड्याच्या मध्यावरचा वाचतो. लेपासाठी निळ्या उजेडावर चालणारं कार्बन नायट्राइड हे दुसरं द्रव्यही आहे, पण उजेड हवाच. आणि कणकुंबी-जांबोटीकडे पाणी सगळ्यात गढूळ असतं तेव्हाच ऊन नसतं!

यूव्ही मशीनचे २५४ नॅनोमीटरचे किरण थेट जंतूच्या डीएनएवर घाव घालतात. काही सेकंदांत काम होतं. मात्र पाणी नितळ हवं, लाईट हवी, आणि नंतर कळशीत हात बुडाला तर संरक्षण उरत नाही. ते क्लोरीनमध्ये उरतं: मात्रा बरोबर असेल तर अर्ध्या तासात पाणी पिण्याजोगं होतं आणि पुढेही काही काळ राखलं जातं.

निपाणी-चिकोडीकडच्या उन्हाळ्यात तर काहीच विकत घ्यायला नको. स्वच्छ, पारदर्शक, दोन लिटरपर्यंतची प्लास्टिक बाटली नितळ पाण्यानं भरून सहा तास कडक उन्हात आडवी ठेवायची. ढगाळ असेल तर दोन दिवस. सलग पावसात हा उपाय नको.

मामींना मी सांगितलं: लाईट टिकत असेल तर यूव्ही घ्या, पावसाळ्यात तुरटीनं निवळून, गाळून, खळखळून उकळा किंवा क्लोरीन घाला. पिण्याच्या पाण्यासाठी लेप आत्ता नको. घ्यायचाच झाला तर दुकानदाराला विचारा, कुठल्या उजेडात, किती लिटर पाणी, किती वेळात? तिन्ही उत्तरं लेखी मिळाली नाहीत तर पैसे देऊ नका.