खिशातला पीएच मीटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

पेनाएवढा पीएच मीटर (पाणी किती आम्ल ते सांगणारा: 7 म्हणजे तटस्थ, खाली आम्ल, वर अल्कधर्मी) आणि जोडीला टीडीएस मीटर (पाण्यात एकूण किती पदार्थ विरघळलेत त्याचा अंदाज देणारा), दोन्ही आता बरेच महिने वापरात आहेत. निकाल आधीच देऊन टाकतो: पाण्यात बऱ्यापैकी क्षार असतील तर पीएच मीटर छान चालतो, पाणी अगदी शुद्ध असेल तर डोकं उठवतो. आणि टीडीएसच्या आकड्यावरून पाण्याची आम्लता ठरवणाऱ्यांनी तो नाद सोडावा.

कारण क्षार किती यापेक्षा कोणता, हे महत्त्वाचं. ऊर्ध्वपातित पाण्यात साधं मीठ घातलं की टीडीएस उसळतो, पीएच मात्र फारसा हलत नाही. सोडियम आणि क्लोराइड, दोघांनाही पाण्याशी प्रोटॉनची (म्हणजे हायड्रोजन आयनची; तो सुटला की पाणी आम्ल होतं) देवघेव करण्यात रस नसतो. तेच नवसागर घाला. लिटरला सुमारे 5.35 ग्रॅम, म्हणजे 0.1 मोलर द्रावण (मोलर हे तीव्रतेचं एकक), पीएच 5.1 च्या आसपास येतो, कारण अमोनियम आयन प्रोटॉन सोडतो. खाण्याचा सोडा 8.3 च्या आसपास नेतो, आणि गंमत म्हणजे तो थोडा कमीजास्त झाला तरी आकडा फारसा बदलत नाही. धुण्याच्या सोड्याचं 0.1 मोलर द्रावण थेट 11.6 पर्यंत. तुरटी उलट दिशेची: तिच्यातल्या ॲल्युमिनियमचा आयन लहान आणि तीन धन भारांचा, त्यामुळे त्याला चिकटलेले पाण्याचे रेणूच प्रोटॉन सोडू लागतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार, तरी पीएच 8.1 च्या जवळपास. हवेत उघडं ठेवलेलं ऊर्ध्वपातित पाणी मात्र कार्बन डायऑक्साइड शोषून 5.6 पर्यंत उतरतं.

सगळ्यात मजा आली ती फॉस्फेटच्या 6.86 पीएचच्या बफरमध्ये (पीएच सहजी बदलू न देणाऱ्या द्रावणात) भरपूर मीठ ढवळल्यावर. आम्लाचा थेंब नाही, तरी आकडा खाली सरकतो. दोन ऋण भारांच्या फॉस्फेटभोवती सोडियमची गर्दी होते, तो त्या रूपात जास्त स्थिर राहतो, म्हणून एक भाराच्या फॉस्फेटला प्रोटॉन सोडणं सोपं जातं. मीठ तटस्थ असतं हे खरं, पण ते नुसतं बघ्याचं काम करत नाही.

आता तक्रारी. शुद्ध पाण्यात आकडा मिनिटामिनिटाला सरकत राहतो. वीज वाहायला आयनच नसतात, त्यात हवेतला वायू विरघळत असतो. चिमूटभर शुद्ध पोटॅशियम क्लोराइड टाकलं की वाचन बरंच थाऱ्यावर येतं. आम्लताही जवळपास तीच राहते. 'आपोआप तापमान भरपाई' या शब्दांवर भाळू नका: ती इलेक्ट्रोडच्या (पाण्यात बुडणाऱ्या टोकाच्या) उताराची असते, म्हणजे पीएच बदलला की व्होल्टेज किती बदलतं त्याची: 25 अंशांना दर पीएच एककामागे 59 मिलिव्होल्टच्या थोडं वर. पाण्याचा स्वतःचा पीएच तापमानाने बदलतो, तो बदल ही भरपाई दुरुस्त करत नाही. पडद्यावर दशांशानंतर दोन आकडे दिसतात; विश्वास पहिल्यावरच ठेवावा.

टीडीएस मीटरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तो विद्युतवाहकता मोजून तिला 0.5 ते 0.7 मधल्या एखाद्या गुणकाने गुणतो. साखर कितीही विरघळवा, त्याला पत्ताच नसतो.

इलेक्ट्रोड 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्येच ठेवा. ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवला की आतले क्षार बाहेर झिरपतात आणि तो लवकर म्हातारा होतो. माझा आता स्थिर व्हायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेतो, आणि या मॉडेलमध्ये तो बदलता येत नाही. पुढचा मीटर घेताना पहिली अट: इलेक्ट्रोड बदलता यायला हवा.