दुपारी तीनची बॅच: चौदा महिन्यांच्या वहीतून एका जिमबद्दल

रत्नागिरीत मारुती मंदिर भागात 'बायकांची दुपारची बॅच' कुठे भरते असं विचारलंत तर कोणीही जिना दाखवेल. खाली किराणा दुकान, वर पहिल्या मजल्यावर जिम. सोमवार, बुधवार, शुक्रवार, तीन ते सव्वाचार. महिन्याचे ११०० रुपये, तीन महिन्यांचे एकदम भरले तर ३०००. आम्ही अकरा जणी आहोत. सगळ्यात लहान ४१ ची, सगळ्यात मोठी ६३ ची, मी ५० ची. मला तिथे चौदा महिने झाले. बाजारात थांबवून "काय करतेस गो, एवढी सुटसुटीत कशी दिसायला लागलीस?" असं विचारणाऱ्या सगळ्यांना भाजीवालीसमोर उभं राहून नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

पाळी मागेपुढे व्हायला लागली तेव्हा मी ४७ ची होते. जेवण तेच, कामही तेच. आमचा आंब्याचा आणि कोकमाचा घरचा धंदा आहे, त्यात बसून राहायची सोयच नाही. तरी पोट सुटलं. हात-पाय बारीक आणि मधे सगळा भार. डॉक्टर म्हणाले, इस्ट्रोजेन कमी झालं की चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. मग मी दुसऱ्या एका जिममध्ये नाव घातलं. तिथे आठ महिने रोज चाळीस मिनिटं ट्रेडमिल आणि दोन-दोन किलोचे डंबेल. "जास्त वजन उचललंत तर पुरुषासारखं शरीर होईल," असं सांगायचे, आणि चरबी जाळायची म्हणून २४०० रुपयांची पावडर माझ्या गळ्यात मारली. पाच किलो उतरले. सोडल्यावर चार महिन्यांत सहा किलो परत आले. उतरताना चरबीबरोबर स्नायूही गेले होते आणि परत आली ती बहुतेक चरबीच, हे मला तिथे एकानेही सांगितलं नाही. त्याचा राग अजून आहे.

त्याच पावसात सासूबाई पडल्या. मागच्या पडवीच्या जांभ्याच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पूर्वीसारखं चालणं काही आलं नाही. मी त्यांना उचलून बसवायची तेव्हा माझी कंबर धरायची, आणि आणखी पंचवीस वर्षांनी मला कोण उचलणार, हे मनातून जात नव्हतं. म्हणजे या जिमचा जिना मी चढले तो बारीक व्हायला नाही, या भीतीनं.

पहिल्या दिवशी ट्रेनरने मला एकाही मशिनवर चढवलं नाही. तिशीची मुलगी आहे, जिल्ह्याकडून खो-खो खेळलेली. तिने बीपी, पाळी, जुनी दुखणी, चालू औषधं सगळं विचारून वहीत लिहिलं आणि "काकू, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग सुरू करू," म्हणाली. चिठ्ठी नेल्यावर वजन केलं, ६८.४ किलो. मग शिंप्याचा टेप घेऊन बेंबीपाशी कंबर मोजली, ९६ सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० च्या पुढे धोका धरतात. नंतर हात छातीशी धरून खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस करायला सांगितली. आठव्या वेळेला माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. तिने वहीत '८' लिहिलं. ती दोनशे पानी वही अजून माझ्याकडे आहे, आणि या जिमची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. प्रत्येकीची स्वतःची वही. तारीख, व्यायाम, किती किलो, किती वेळा. रॉड खाली ठेवल्याशिवाय लिहायचं नाही आणि लिहिल्याशिवाय पुढचा सेट नाही.

डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा रॉड उचलून ताठ उभं राहणं, शिकवायला तिने तीन आठवडे घेतले, ते सांगितलंच पाहिजे. आधी रॉड नव्हताच. काठी पाठीवर उभी धरायची: डोक्याला टेकलेली, पाठीच्या वरच्या भागाला टेकलेली आणि माकडहाडाला टेकलेली. या तीन जागा न सोडता वाकायचं. "कमरेत मोडायचं नाही काकू, खुब्यात मोडायचं. दोन्ही हातांत कळशा आहेत आणि मागचं दार कुल्ल्यांनी लोटायचंय असं समजा." मी पन्नास वर्षं कमरेत वाकून केर काढलेली बाई. पहिले चार दिवस काठी प्रत्येक वेळी माकडहाडावरून सुटायची. पाचव्या दिवशी सुटली नाही, आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला जो ताण बसला तो मला माहीतच नव्हता. मग पाच फुटी रॉड आला, दहा किलोचा, दोन्हीकडे पाच-पाच किलो लावून. छोट्या प्लेटनी रॉड फार खाली येतो म्हणून ती प्लेटखाली लाकडी ठोकळे ठेवते. रॉड नडगीला लागून, श्वास पोटात भरून, पायांनी जमीन ढकलायची. वीस किलो. ते वर आल्यावर मी उभी राहिले आणि थोडा वेळ तशीच राहिले.

आज मी ६५ किलो उचलते, पाच वेळा, तीन सेट. स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन उठ-बस, ४० वर आहे.

बायकांनी जड कशाला उचलायचं, हे मीही विचारलं होतं. तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू जातात आणि साठीनंतर त्याहून वेगाने, हे तिने सांगितलं. हलकं वजन तीस-तीस वेळा हलवत बसलं तर हाडाला पुरेसा ताण मिळत नाही. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ व्हायला लागलेल्या १०१ बायकांवर अभ्यास झाला. त्यातल्या अर्ध्याअधिक नाही, पण साधारण निम्म्या जणींना आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, देखरेखीखाली जड डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर वजन ढकलणं दिलं होतं. त्यांच्या मणक्याच्या हाडाची घनता वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची कमी झाली. देखरेख हा शब्द मात्र विसरू नका. मोबाइलवर बघून घरी एकटीने सुरू करायची ही गोष्ट नाही. आणि पुरुषासारखं शरीर वगैरे काही होत नाही, तेवढं टेस्टोस्टेरॉन आपल्यात नसतंच. भिंतीवर कर्णम मल्लेश्वरीचा फोटो आहे. २००० साली सिडनीला ६९ किलो गटात दोन प्रकार मिळून २४० किलो उचलून तिने कांस्य आणलं, ऑलिम्पिक पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई. मी तेव्हा पंचविशीत होते. टीव्हीवर बघून टाळ्या वाजवल्या होत्या, पण त्या रॉडचा आपल्याशी काही संबंध असेल असं मनातही आलं नव्हतं.

पहिल्या तीन महिन्यांत वजनकाट्यावर फक्त ६०० ग्रॅम कमी झाले. मी रडकुंडीला आले होते. ट्रेनरने टेप काढला: कंबर ९३. चरबी जात होती, स्नायू येत होते, काट्याला दोन्ही सारखेच. आता वजन ६५.१ आहे आणि कंबर ८६. म्हणजे सव्वातीन किलोच गेले म्हणा, पण परकराची नाडी दहा सेंटीमीटर आत गेली. ८० अजून लांब आहे.

यंदा एप्रिलच्या शेवटी टेम्पो दारात आला आणि गडी आलाच नाही. आंब्याचे चौतीस क्रेट, प्रत्येकी वीस किलो. दरवर्षी मी पावती लिहायला उभी असते. या वेळी यजमानांनी वर चढून लावून घेतले आणि मी खालून दिले. क्रेट नडगीला लावायचा, कुल्ले मागे, श्वास, वर. सतरा-अठराच्या पुढे हात भरून आले, पण कंबर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान पाठीला तेल लावून बसले होते आणि मी घावणे घालत होते.

खाण्याचं. भात सोडायला ट्रेनरने सांगितलं नाही, हे आधी लिहिते, कारण कोकणात भात सोडा म्हटलं की बाई दुसऱ्या दिवशी येत नाही. सांगितलं ते प्रथिनं मोजायला. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतात असं आपल्या सरकारी शिफारशीत आहे. वजन उचलणाऱ्या आमच्या वयाच्या बाईने १.२ तरी धरावीत, म्हणजे मला ऐंशीच्या आसपास. मोजली तेव्हा पंचेचाळीस भरत होती. मासळी असते तेव्हा अवघड नाही, शंभर ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम मिळतात. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. मग अंडी, सोडे (सुकवलेली कोळंबी), कुळथाची पिठी, दही, मोडाचे मूग. पिठी पातळ असली की तिच्यात पाणीच जास्त, म्हणून मी बरोबर दोन अंडी घेते. सुकी मासळी खारट. बीपी असलेल्यांनी बेताने खावी. आमच्यातल्या दोघी शाकाहारी आहेत, त्या पनीर आणि सोयाबीनवर भागवतात आणि त्यांचीही उचलायची वजनं वाढताहेत.

एक गोष्ट बायका चारचौघांत बोलत नाहीत, म्हणून मुद्दाम. बॅचमधल्या एकीला उडी मारली की लघवी सुटायची. ती दोन महिने काही न बोलता कोपऱ्यात उभी राहायची. ट्रेनरच्या लक्षात आलं. तिने बाजूला घेऊन विचारलं, उड्या बंद केल्या, उचलायचं वजन कमी केलं, उचलताना श्वास सोडायला शिकवलं आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. आज ती बाई ४५ किलो उचलते. या एका कारणासाठी मी या जिमला पैकीच्या पैकी गुण देईन.

बाकी गुण मात्र कापते. पंखे दोनच, आणि इन्व्हर्टर नाही. जूनमध्ये वीज गेली की त्या खोलीत नुसतं उकडून निघतो. खाऱ्या हवेने रॉड गंजतात, तळहात तांबडे होतात. ट्रेनर शनिवारी तारेच्या ब्रशने घासून तेल लावते, पण हे काम मालकांनी माणूस ठेवून करायला हवं. सव्वा किलोच्या प्लेटची एकच जोडी आहे. आमच्या वयाला अडीच किलोने वाढणं जमतं, एकदम पाचने नाही, म्हणून त्या जोडीसाठी रांग लागते. सकाळच्या बॅचचे मुलगे जड प्लेट रॉडवर तशाच ठेवून जातात आणि त्या उतरवण्यात आमची दहा मिनिटं जातात. बाथरूमच्या दाराची कडी मार्चपासून मोडलेली आहे. मालकांना तीनदा सांगितलं. बायकांची बॅच चालवायची तर कडी आधी बसवा. गणपतीत आठ दिवस बंद असते, त्याबद्दल तक्रार नाही. नोकरी करणाऱ्या बायकांना तीनची वेळ जमत नाही. संध्याकाळी सातची दुसरी बॅच काढा असं आम्ही सगळ्यांनी लिहून दिलं आहे.

यायचं असेल तर पावसात चपलेवर येऊ नका, सपाट तळाचे बूट पिशवीत आणा. पहिल्या महिन्यात अंग दुखेल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त, ते उतरतं. सांध्यात कळ आली तर तिथेच थांबा आणि ट्रेनरला सांगा, ती रागावत नाही.

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर सासूबाईंचा हिशोब आहे. त्यांच्या हाडाच्या डॉक्टरांना विचारून ट्रेनरने खुर्चीवरून उठ-बस लिहून दिली. खुर्ची भिंतीला टेकलेली, समोर टेबल धरायला. मार्चमध्ये दोन वेळा, तेही मी काखेत हात घालून. काल रात्री टेबल न धरता पाच. "लिव गो," म्हणाल्या, आणि मी लिहीपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.