स्टिल एमएस ६६१ सी-एम : जाड बुंधा असेल तरच काढा

झाडं पाडायच्या या चेनसॉला (यांत्रिक करवतीला) ९१.१ सीसीचं इंजिन, ५.४ किलोवॅट ताकद, आणि बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) व चेन वगळून ७.४ किलो वजन. २५ इंची बार चढवून दोन्ही टाक्या भरल्या की हातात दहा किलोच्या आसपास येतं. दुपारनंतर तेच दहा किलो दंडात उतरतात. बुंधा ५० सेंटीमीटरच्या आत असेल तर ५०-६० सीसीचं मशीन पुरतं. तिथे हे वापरणं म्हणजे हौस.

एम-ट्रॉनिकमुळे, म्हणजे इंधनाचं मिश्रण आपोआप जुळवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेमुळे, कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळत बसावं लागत नाही, ही मोठी सोय. बारवरच्या झाकणाचे नट झाकणातच अडकून राहतात, पालापाचोळ्यात शोधावे लागत नाहीत. डिकम्प्रेशन व्हॉल्व्ह (सुरू करताना इंजिनातला दाब कमी करणारं बटण) दाबायला विसरलात तर दोरी बोटांना चांगलाच हिसका देते. सुरू करताना मशीन जमिनीवर, चेन ब्रेक (चेन जागीच थांबवणारा) लावलेला, उजव्या बुटाचं टोक मागच्या हँडलमध्ये. लहान मशीन हातात लोंबकळतं धरून दोरी ओढायची सवय असेल (तीही चुकीचीच), तर ती आधी मोडा.

आता खरा मुद्दा. या मशीनचा धोका आवाजात नाही, वेगात आहे. ६० सेंटीमीटरचा बुंधा घ्या. पडायच्या दिशेची खाच व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी, म्हणजे १२ ते १५ सेंटीमीटर खोल. बिजागरी, म्हणजे खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये न कापता ठेवलेली, झाडाला दिशा देणारी लाकडाची पट्टी, व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे ६ सेंटीमीटर जाड. मागून कापायला उरले जेमतेम ४० सेंटीमीटर, आणि ते हे मशीन बघता बघता खातं. वर शेंड्याकडे एक नजर टाकेपर्यंत बिजागरीही गेलेली असते. मग झाड मनाला येईल तिकडे फिरतं. म्हणून बिजागरी कुठे थांबवायची, ती खूण सालीवर दोन्ही बाजूंनी खडूने आधीच करा. मागचा काप साध्या ४५ अंशांच्या खाचेच्या तळापेक्षा ६ सेंटीमीटर वर घ्या. बारच्या मागे जागा झाली की लगेच प्लॅस्टिकची पाचर ठोका. लोखंडी पाचर चेनला लागली तर दात गेलेच.

पुढे जास्त झुकलेलं झाड असेल तर सरळ मागून कापत येऊ नका. बिजागरी तुटण्याआधीच बुंधा उभा चिरतो आणि वरचा भाग मागे उसळून छातीपर्यंत येतो. अशा वेळी बार बिजागरीमागे आरपार खुपसायचा, मागे कापत जायचं, शेवटी मागच्या कडेला लाकडाचा थोडा पट्टा न कापता धरून ठेवून तो वेगळा कापून सोडायचा. खुपसताना सुरुवात टोकाच्या खालच्या अर्ध्या भागाने. टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की बार तोंडाकडे उडतो. चेन ब्रेक असतो, पण डाव्या हाताचा अंगठा हँडलखाली वळलेला नसेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

पळायची वाट तिरकी मागे, पडायच्या दिशेपासून सुमारे १३५ अंशांवर, आणि ती इंजिन सुरू करण्याआधी मोकळी केलेली. झाड हललं की ब्रेक लावून निघा; मशीन काढायच्या नादात थांबू नका. बाकी माणसं झाडाच्या उंचीच्या अडीच पट लांब.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल ५०:१, म्हणजे ५ लिटरला १०० मिली. चेन ऑइलची टाकी दर वेळी पेट्रोलबरोबर भरायची. फिकट फळीसमोर बारचं टोक धरून ॲक्सिलरेटर दिला की तेलाची रेघ उमटली पाहिजे; नाही उमटली तर बारची खाचण आणि तेलाचं भोक साफ करा. ३/८ इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला ५.२ मिलिमीटरची कानस, ३० अंश. बारीक भुसा पडायला लागला म्हणजे धार गेली. ताकद भरपूर असल्यामुळे बोथट चेनही लाकडात शिरत राहते, आणि धार गेल्याचं उशिरा कळतं. तोवर बार तापून निळा पडायला लागतो.

चेनरोधक पँट घेताना तिच्यावरचा चेनच्या वेगाचा वर्ग बघा: वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर, वर्ग ३ म्हणजे २८. हे मशीन वापरणाऱ्याने वर्ग १ वर समाधान मानू नये. काम संपल्यावर तापलेली चेन ढिली करून ठेवा. काम चालू असताना ताणलेली चेन गार होताना आक्रसते आणि क्रँकशाफ्टवर ताण येतो.